डावावरील अडत आणि जॅकपॉटचे आमिष

जुगार वाईट, एवढेच सांगावयाचे असते तर त्यासाठी व्याख्यानमालेतील एक संध्याकाळ खर्ची घालण्याचे कारण नव्हते. ते आपणां सर्वांस घरच्या वडीलधाऱ्यांनी लहानपणीच सांगितलेले आहे, आणि ज्यांस ऐकावयाचे नाही त्यांनी ते ऐकलेलेही नाही. आम्हांस आज जे मांडावयाचे आहे ते निराळे आहे. पत्त्यांच्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाचा पैसा नेमका कोठे जातो, या साध्या प्रश्नाचा साधा हिशेब आम्ही करणार आहोत. हा हिशेब त्रैराशिकापलीकडे जात नाही. परंतु तो मांडला गेला नाही, म्हणून कित्येक हुशार तरुणांची वर्षे आणि पगार या मार्गाने गेले आहेत.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. पोकर या खेळाचा जो प्रकार आज सर्वत्र प्रचलित आहे, त्यात प्रत्येकास दोन पत्ते मिळतात आणि पाच पत्ते टेबलाच्या मध्यभागी सर्वांसाठी उघडले जातात. आपल्या हाताच्या बळावर, किंवा बळ असल्याच्या बतावणीवर, खेळाडू मध्यभागी पैसे लावीत जातात. या जमलेल्या राशीस ‘पॉट’ म्हणतात. ज्याचा हात सर्वांत मोठा ठरतो, किंवा ज्याच्यापुढे बाकीचे सारे पत्ते टाकून देतात, तो ही रास उचलतो. येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही की, खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळत असतात. कॅसिनोचा मालक या खेळात भागच घेत नाही. रुलेटच्या चाकाशी किंवा यंत्राशी खेळणारा माणूस मालकाविरुद्ध खेळतो आणि मालकाचे पारडे जड आहे हे तोही जाणतो. पोकरचा खेळाडू मात्र अभिमानाने सांगतो की, “आमचा खेळ कौशल्याचा; येथे मालकाशी आमचा संबंध नाही.”

संबंध नाही, तर मालक दिवे, पंखे, गालिचे, पत्ते वाटणारे नोकर आणि फुकट जेवण हे सारे कशातून पुरवितो? याचे उत्तर एका शब्दात आहे: अडत. जालन्याच्या मोंढ्यात ज्याने माल आणला वा नेला त्यास हा शब्द समजावून सांगावयास नको. माल एकाचा, पैसा दुसऱ्याचा, आणि मधला अडत्या प्रत्येक व्यवहारातून आपला हिस्सा काढून घेतो. पोकरमध्ये या अडतीला ‘रेक’ म्हणतात. उत्तर हिंदुस्थानातील जुगाराच्या अड्ड्यांवर हिलाच ‘नाल’ असे नाव आहे. बहुधा प्रत्येक पॉटमधून शेकडा काही भाग, ठराविक कमाल मर्यादेपर्यंत, पत्ते वाटणारा नोकर बाजूच्या फटीतून पेटीत टाकतो. पहिले तीन पत्ते उघडण्यापूर्वीच डाव मिटला तर बऱ्याच ठिकाणी अडत घेत नाहीत. मोठ्या रकमांच्या टेबलांवर कधी कधी शेकड्याऐवजी तासागणिक खुर्चीचे भाडे घेतात, आणि स्पर्धांत प्रवेशाच्या रकमेवर वेगळे शुल्क असते. रीत कोणतीही असो, टेबलावरून पैसा एकाच दिशेने बाहेर जातो.

ही रीत परदेशातून आली असे मानण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. त्याने जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा ५ घ्यावेत, शिवाय फाशांचे भाडे आणि पाणी व जागा यांचा मोबदलाही घ्यावा, असे तेथे सांगितले आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत तर अधिक सूक्ष्म नियम आढळतो. द्यूतगृह चालविणाऱ्या सभिकाने शंभर वा अधिक जिंकणाऱ्याकडून शेकडा ५ आणि त्याहून कमी जिंकणाऱ्याकडून शेकडा १० घ्यावेत. त्याबदली राजाला ठरलेला भाग द्यावा आणि जिंकलेल्यास त्याचे पैसे वसूल करून द्यावेत. म्हणजे लहान खेळाडूवर अडतीचा बोजा मोठ्याच्या दुप्पट. आजही तेच आहे. पॉट ४,००० रुपयांचा असेल तर शेकडा ५ प्रमाणे २०० रुपये जातात. परंतु कमाल मर्यादा १,००० रुपयांची असेल, तर ४०,००० रुपयांच्या पॉटमधूनही १,००० च जातात, म्हणजे शेकडा अडीच. ज्याच्या खिशात थोडे, त्याची कातडी अधिक सोलली जाते. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त दहा सुवर्णांच्या देण्यापायी पळत सुटलेल्या संवाहकाच्या मागे माथुर हा सभिक लागतो. संवाहक बिचारा देवळात मूर्तीचे सोंग घेऊन उभा राहतो. प्रेक्षक या प्रवेशास हसतात. परंतु त्या प्रवेशात शेवटपर्यंत न हरणारा माणूस एकच आहे, आणि तो म्हणजे सभिक, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता हिशेबाकडे वळू. पुढील आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत. कोणत्याही एका कॅसिनोचे ते दरपत्रक समजू नये. समजा, टेबलाशी नऊ खेळाडू आहेत आणि प्रत्येकाने २०,००० रुपये पुढे ठेवले आहेत, एकूण १,८०,०००. तासाला ३० डाव होतात आणि त्यांपैकी २० डावांवर अडत बसते. अशा डावांचा सरासरी पॉट ४,००० रुपयांचा. त्यावर शेकडा ५ म्हणजे २०० रुपये अडत. शिवाय प्रत्येक वेळी ५० रुपये ‘जॅकपॉट’ निधीसाठी वेगळे काढले जातात. त्याविषयी पुढे बोलूच. म्हणजे तासाला ४,००० रुपये अडतीचे आणि १,००० रुपये जॅकपॉटचे, असे मिळून ५,००० रुपये टेबलावरून उठतात. सहा तासांची एक रात्र संपली की ३०,००० रुपये, म्हणजे नऊ जणांनी आणलेल्या रकमेचा सहावा हिस्सा, नाहीसा झालेला असतो. कोणी नवी भर घातली नाही आणि खेळ याच गतीने चालू राहिला, तर ३६ तासांत टेबलावर एक रुपयाही उरणार नाही. नऊही खेळाडू हरलेले असतील, आणि त्यांस हरविणाऱ्याने एकदाही पत्ते हातात घेतलेले नसतील. टेबलाशी खुर्च्या नऊ असतात. परंतु खेळाडू दहा असतात. दहावा उभा असतो, हसतमुख असतो आणि कधीही हरत नाही.

आपल्या औद्योगिक वसाहतीत हे समजावण्यास फार लांब जावे लागत नाही. येथील सळईच्या कारखान्यांत बिलेट भट्टीत तापविले की त्याच्या अंगावर खपली धरते, आणि शंभर किलोंमागे किलो-दोन किलो लोखंड त्या खपलीत जाते. एकदा तापविले तर ही घट सोसते, कारण पुढे सळई तयार होते आणि तिला किंमत येते. परंतु तेच लोखंड कोणी पुनःपुन्हा तापवीत बसला आणि त्यातून काहीच घडविले नाही, तर अखेरीस भट्टीशी खपलीचा ढीग तेवढा राहील. पोकरच्या टेबलावर पैशाचे असेच होते. तो एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो, प्रत्येक फेरीत झिजतो, आणि खपली गोळा करणारा एकच असतो.

येथे कोणी म्हणेल, “हा हिशेब अनाड्यांचा झाला. जो चांगला खेळतो त्याचे काय?” प्रश्न रास्त आहे. वरील टेबलावर एका खुर्चीच्या वाट्यास तासाला सुमारे ५५५ रुपये अडत व जॅकपॉट मिळून येतात. वर्षातून ५० रात्री, दर रात्री सहा तास बसणारा नियमित खेळाडू ३०० तास खेळतो. त्याच्या खुर्चीमागे वर्षाला सुमारे १,६६,६०० रुपये जातात. इतरांकडून एवढी रक्कम जिंकल्यावर तो कोठे शून्यावर येईल. समजा तो खरोखरच कुशल आहे आणि अडत नसती तर वर्षाला एक लाख रुपये जिंकला असता. तर तो कुशल माणूस वर्षाअखेर ६६,६०० रुपयांनी बुडालेला असेल. जपून खेळणारा कमी पॉट जिंकतो, म्हणून त्याच्या हातून अडतही कमी कापली जाते, हे खरे आहे. परंतु कच्च्या खेळाडूंचे जे पैसे एरवी त्याच्याकडे यावयाचे, त्यांतलाच मोठा भाग वाटेत पेटीत पडतो. खेळ कौशल्याचा आहे, हे वाक्य कायद्याच्या वादात उपयोगी पडत असेल. हिशेबात प्रश्न इतकाच आहे की कौशल्य अडतीहून मोठे आहे काय? बहुतेकांच्या बाबतीत ते नसते. आणि अपघाताने एखादेच वेळी येणारा पाहुणा अडत थोडी भरतो, तर ज्यास आपण पटाईत म्हणतो तो नियमित खेळाडू ती सर्वांत अधिक भरतो.

आता जॅकपॉट. हा शब्द मुळात पोकरमधलाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत खेळल्या जाणाऱ्या एका प्रकारात, गुलामांची जोडी किंवा त्याहून सरस पत्ते हातात असल्याखेरीज कोणासही पहिली बोली लावता येत नसे. तसे पत्ते कोणाकडेच नसले की सर्वांनी पुन्हा पैसे घालावयाचे. रास वाढत जाई. इंग्रजीत गुलामाला ‘जॅक’ म्हणतात, म्हणून ती रास जॅकपॉट. तीत मालकाचा हात नव्हता; खेळाडूंचा पैसा त्याच रात्री खेळाडूंकडेच परत येई. आजचा जॅकपॉट निराळा आहे. त्याचा एक लोकप्रिय प्रकार असा की, एखादा खेळाडू चौकडीसारखा फार मोठा हात असूनही त्याहून मोठ्या हातापुढे हरला, की साठलेला निधी वाटला जातो. पुष्कळ ठिकाणी हरलेल्यास अर्धा, जिंकलेल्यास पाव आणि टेबलावरील बाकीच्यांस मिळून पाव, अशी वाटणी असते. भिंतीवर निधीचा आकडा झळकत असतो आणि तो दर तासाला वाढतो. पाहणाऱ्यास वाटते, मालक किती उदार!

हा आकडा वाढतो तो कोणाच्या पैशाने, हे आपण वर पाहिलेच. प्रत्येक पॉटमधून काढलेल्या ५० रुपयांनी. समजा, असा योग ५०,००० डावांत एकदा येतो. तेवढ्या डावांत २५ लाख रुपये जमतात. व्यवस्थापनाच्या नावाखाली मालकाने शेकडा १० ठेवून घेतले, तर वाटण्यास २२ लाख ५० हजार उरतात. आपला नियमित खेळाडू वर्षाला असे ६,००० डाव खेळतो. म्हणजे ज्या टेबलावर जॅकपॉट फुटतो त्या टेबलावर तो सरासरीने आठ वर्षे चार महिन्यांतून एकदा बसलेला असेल. तेवढ्या काळात त्याच्या खुर्चीतून निधीत २,७७,००० रुपयांहून अधिक गेलेले असतात. त्या रात्री नऊपैकी सात जणांच्या हाती काय पडते? प्रत्येकी सुमारे ८०,३०० रुपये. आणि अर्धा निधी, म्हणजे ११ लाख २५ हजार, मिळविण्याची त्याची पाळी सरासरीने ७५ वर्षांतून एकदा! पंचविसाव्या वर्षी खेळावयास बसलेल्या माणसास त्यासाठी शंभरी गाठावी लागेल. त्यावरही सरकारचा कर आहे. आपल्या देशात पत्त्यांच्या खेळातील मिळकतीवर शेकडा ३० या दराने आयकर बसतो, आणि त्यातून पूर्वीची हानी वजा करता येत नाही. म्हणजे आठ वर्षे भरलेले पावणेतीन लाख हिशेबात धरले जात नाहीत, आणि ८०,३०० चे ५६,२०० होतात.

जॅकपॉटच्या बाजूने जे बोलले जाते तेही प्रामाणिकपणे मांडावयास हवे. आमिषामुळे नवे, कच्चे खेळाडू येतात, आणि त्यांच्यामुळे जाणत्यांचा फायदा होतो, असे म्हणतात. यात काही तथ्य आहे. परंतु त्याबरोबरच दोन गोष्टी घडतात. टेबलावर रोज फिरणारा लहान लहान पैसा काढून घेतला जातो आणि वर्षाकाठी एका रात्री एखाद-दुसऱ्याच्या पदरात टाकला जातो. तो तो पैसा घेऊन घरी जातो. टेबल कोरडे पडते. दुसरे असे की, जॅकपॉटला पात्र होण्यासाठी माणसे टाकून द्यावयाचे पत्ते धरून ठेवतात, निधी मोठा दिसला की उठण्याची वेळ टळूनही बसून राहतात. आणि बसून राहण्याचा प्रत्येक तास म्हणजे ५५५ रुपये. आमिषाचे खरे काम बक्षीस देणे हे नसून खुर्ची रिकामी होऊ न देणे हे आहे. मोबाईलवरील पैशाच्या खेळांत तर ही गती कित्येक पट होती. पत्ते वाटणारा माणूस नाही, डाव मिनिटात संपतो, एकाच वेळी दोन-चार टेबलांवर बसता येते. जो अधिक अडत भरील त्यास तीतलाच थोडा भाग ‘बक्षीस’ म्हणून परत मिळे, आणि ते बक्षीस मिळविण्यासाठी तो आणखी अडत भरी.

आपण कशाची तुलना कशाशी करावी? वसाहतीतील कित्येक खात्यांत कामगारांची भिशी चालते. बारा जण दरमहा ठराविक रक्कम घालतात आणि दर महिन्यास एक जण ती उचलतो. हाही एक प्रकारचा जॅकपॉटच. परंतु बारा महिन्यांत प्रत्येकाची पाळी येते, आणि घातले तेवढे परत मिळते. नोंदणीकृत चिट फंडात चालकास मेहनताना मिळतो, पण त्याची मर्यादा कायद्यानेच ठरविली आहे. १९८२ च्या कायद्यात ती शेकडा ५ होती, २०१९ च्या दुरुस्तीने ७ झाली. ती एकदा घेतली जाते, आणि करारात लिहिलेली असते. पोकरमधील शेकडा ५ ऐकावयास याहून सौम्य वाटतात. परंतु ते तासाला वीस वेळा घेतले जातात. शेकडा किती, एवढेच विचारणारा फसतो. किती वेळा, हेही विचारले पाहिजे. परदेशांतील कायदेकर्त्यांनीही या प्रश्नात लक्ष घातले आहे. अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात अडत पॉटच्या शेकडा १० हून अधिक घेता येत नाही, तर कॅलिफोर्निया राज्यात शुल्क लावलेल्या वा जिंकलेल्या रकमेच्या प्रमाणात आकारण्यासच मनाई आहे. ते आधी जाहीर करावे लागते.

आपल्याकडील स्थिती थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ साली त्यांच्यासाठी एक कायदा झाला होता. तो कधी अंमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांस आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरील खेळांस वाट मिळाली; पणजीस मांडवीच्या पात्रात दिव्यांनी लखलखणारी जहाजे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असतील. गोवा सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून तेथे खेळण्यास गोमंतकीयांस बंदी केली. ज्या प्रांतात ही जहाजे उभी आहेत त्या प्रांताने आपल्या लेकरांस त्यांपासून दूर ठेवले, आणि पाहुण्यांस दार उघडे ठेवले. आपण त्या पाहुण्यांत मोडतो. शिवाय कॅसिनोत चिप्स विकत घेण्यासाठी दिलेल्या रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून शेकडा २८ आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून शेकडा ४० वस्तू व सेवा कर आहे. हा कर आम्ही वरील हिशेबात धरलेलाच नाही. तो धरला तर गणित मांडावयासही धीर होणार नाही. मोबाईलवरील पैशाच्या खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, संसदेने केलेल्या बंदीच्या कायद्यास २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि मोठ्या कंपन्यांनी ते खेळ थांबविले.

कायद्याने दार लावले म्हणून माणसाची ओढ संपत नाही. ती दुसरी खिडकी शोधते. कोणी गोव्यास जाईल, कोणी परदेशातील एखाद्या चोरट्या ॲपवर जाईल, कोणी गावातल्याच बंद खोलीत बसेल. त्या प्रत्येक ठिकाणी दहावा खेळाडू हजर असेल. यास्तव आमचे सांगणे एवढेच की, घरातील मुलगा, भाऊ किंवा खात्यातील सोबती या नादात असेल, तर त्यास पापपुण्य सांगत बसू नये. तो ते ऐकणार नाही. त्यास एक वही द्यावी आणि चार प्रश्न विचारावेत. दर डावातून किती कापले जाते? तासाला असे किती डाव होतात? जॅकपॉटसाठी काय कापले जाते आणि तो निधी कोणाच्या ताब्यात, कोणत्या हिशेबाने राहतो? आणि वर्षाला तुझे तास किती? या चार आकड्यांचा गुणाकार त्याने स्वतःच्या हाताने करावा.

जालना सोन्याचा पालना, असे जुने लोक म्हणत आले. तो पालना येथील माणसांनी बाजारपेठेत, शेतात आणि पुढे भट्टीपाशी घाम गाळून हलता ठेवला आहे. येथे प्रत्येक धंद्यात घट आहे, अडत आहे, मजुरी आहे, आणि त्या साऱ्यांची वजाबाकी करून जे उरते त्यासच आपण कमाई म्हणतो. ही वजाबाकी येथील लहान दुकानदारासही येते. तीच वजाबाकी पत्त्यांच्या टेबलाशी बसताना विसरावयाची नाही, एवढे आमच्या तरुणांनी ठरविले, तर पुष्कळशा खुर्च्या आपोआप रिकाम्या होतील.